फळी कोणाच्या दाराला होती

फळी कोणाच्या दाराला होती, एवढंच त्या माणसाला हवं होतं. विमा कंपनीचा माणूस, तिशीचा असेल. बूट खाली पायपुसण्यावर नीट घासून आला होता आणि ओला कोट मांडीवर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. मी दिलेली कॉफी त्याने घेतली, बिस्किटाला हात लावला नाही. म्हणाला, "हेर माइले, एकच गोष्ट लिहून घ्यायची आहे. बावीस जानेवारीला, मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता बर्फाची फळी कोणाच्या दाराला होती?" मी म्हणालो, "फ्राऊ एंडर्लेंच्या." त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे प्रश्नच मिटला. बाई स्वतःच्याच जबाबदारीच्या जागेवर पडल्या. दुसऱ्या कोणावर काही येत नाही." त्याच्याजवळ आमच्या घराच्या नियमांचा कागद होता, माझ्याच टंकयंत्रावर टाइप केलेला, खाली तिन्ही बिऱ्हाडांच्या सह्या. इतका स्वच्छ कागद आपल्याला क्वचितच बघायला मिळतो, वकिलाकडून करून घेतलात का, असं त्याने विचारलं. मी केला, असं मी सांगितलं. छान केलाय म्हणाला, कोट चढवला आणि गेला. मी कप धुतले. अडतीस वर्षं मी जमिनीच्या नोंदणी कचेरीत काढली, कोणाची भिंत कुठवर आणि कोणाची वाट कुठून हे लिहिण्यात. खोटा शब्द कधी लिहिला नाही. त्या दिवशीही बोललो नाही. धुतलेले कप मी पुन्हा एकदा धुतले.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे फुटपाथ गावाचा, बर्फ आभाळातला आणि जबाबदारी मात्र घरातल्यांची. सकाळी सातच्या आत आपल्या घरासमोरचा फुटपाथ मोकळा हवा, रविवारी नऊच्या आत, आणि रात्री आठपर्यंत तो तसाच ठेवायचा. कोणी घसरून हाड मोडलं तर गाव बाजूला होतं आणि घरमालकाकडे बोट दाखवतं. घरमालक भाडेकरारातलं कलम दाखवतो, आणि भाडेकरू एकमेकांकडे बघतात. म्हणून फळी. एंडर्लेबाईंचा नवरा सुतार होता, त्याने ती बीच झाडाच्या लाकडाची केली, हातभर लांब, वर सुतळीचा फास, आणि तापल्या सळईने 'बर्फ' असं कोरलेलं. ज्या दिवशी बर्फ पडेल त्या दिवशी ती ज्याच्या दाराला असेल त्याने काढायचा आणि मग ती पुढच्या दाराला जायची. बर्फ नाही पडला तर महिनाभर एकाच दाराला. खाली श्टोत्स कुटुंब, वर समोरासमोर आम्ही दोघं, मी आणि एंडर्लेबाई. आमच्या दारांमध्ये तीन पावलं. एकतीस वर्षं त्या तीन पावलांवरून आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आलो.

नियमांचा कागद करायची पाळी श्टोत्समुळे आली. त्या वर्षी त्याने फळी दोनदा आमच्या गळ्यात मारली, आणि एकदा कोणीच बर्फ काढला नाही म्हणून टपालवाला पडता पडता वाचला. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, हात शिवशिवत होते. सात कलमं केली. चौथं असं: फळी ज्याच्या दाराला, फुटपाथ त्याच्या जबाबदारीचा. पाचवं: बर्फ काढून झाल्यावर फळी पुढच्या दाराला लावावी. लोरे, माझी बायको, तेव्हा होती. चष्मा नाकावर ओढून तिने कागद वाचला आणि म्हणाली, "ऑइगेन, किती वाजता लावायची ते नाही लिहिलंस." मी म्हणालो, ते सगळ्यांनाच माहीत आहे, रात्री आठला, गावाची मुदत संपल्यावर; दिवसभर पुन्हा बर्फ पडला, पाणी गोठलं, तर ज्याचा दिवस त्याने बघायचं. इतकी उघड गोष्ट लिहिली तर लोक हसतील. कचेरीत मी दुसऱ्यांच्या खरेदीखतांवर याच कारणासाठी लाल पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, की उघड गोष्टच लिहायची राहते. लोरेने चष्मा काढून डब्यात ठेवला. तो डबा अजून खिडकीत आहे.

मंगळवारी पहाटे पाऊल बुडेल इतका बर्फ होता. फळी माझ्या दाराला. मी सहाला उतरलो, फावडं घेतलं, कडेपासून कडेपर्यंत नीट चौकोनात काढला, वर बारीक खडी टाकली. बर्फ वितळवायच्या मिठाला गावाने बंदी घातल्यापासून खडीच. पावणेसातला काम संपलं, पाठ धरली होती, पण मनाला बरं वाटत होतं. समोरच्या बेकरीतली बाई काचेतून हात करून गेली. वर येऊन मोजे बदलले, रेडिओ लावला. बातम्या झाल्यावर हवामान: नऊच्या सुमारास नेकार नदीच्या खोऱ्यात पाऊस, पडता पडता गोठणारा, बाहेर पडायचं टाळा. मी ओले हातमोजे शेगडीजवळ टाकत होतो. तेव्हा काय झालं ते मी इतक्या वेळा आठवून पाहिलं आहे की आता मूळचं किती आणि घासून घासून उरलेलं किती हे सांगता येत नाही. एवढं खरं की विचार असा काही आला नाही. विचार आला असता तर तो परतवता आला असता. मी फक्त दार उघडलं, फळी काढली, तीन पावलं टाकली आणि ती एंडर्लेबाईंच्या दाराच्या मुठीला अडकवली, हलकेच, लाकडावर लाकूड वाजू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून. पावणेआठ वाजले होते. आत येऊन मी स्वतःशी म्हणालो, कलम पाच, बर्फ काढून झाला आहे. आणि मग पाव कापला, लोणी लावलं, त्यावर मध. मला चांगली भूक लागली होती.

हलकेच का लावली, हे मला कोणी विचारलं नाही. त्या माणसाच्या कागदावर तशी ओळच नव्हती. बरोबर काम करणारा माणूस आवाज न करण्याची काळजी घेत नाही, हे मला कचेरीतल्या अनुभवाने ठाऊक आहे. जो दबकत येतो त्याचा नकाशा दोनदा तपासायचा. लहानपणी, लढाईच्या आधी, आमच्या घरासमोरचा बर्फ काढायचं काम बाप माझ्याकडे द्यायचा. एकदा मी सगळा बर्फ रात्रीच्या अंधारात शेजारच्या हद्दीत लोटून दिला होता. सकाळी शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन बापाने दोन्हीकडचा बर्फ काढला, आणि मी खिडकीतून बघत बसलो. तेव्हा मला लाज वाटली की सुटल्याचा आनंद झाला, हे आठवत नाही. दोन्ही झालं असेल. मंगळवारी मध खातानाही तसंच काहीतरी होतं.

नऊला पाऊस आला. आवाज न करणारा, खिडकीच्या काचेवर येऊन तिथेच थांबणारा. सव्वानऊला समोरचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ काही नाही, आणि मग माझ्या दाराची घंटा वाजली. एकदाच. मी कप हातात घेऊन उठलो, मोज्यांवर चालत दारापाशी गेलो आणि दारातल्या भिंगाला डोळा लावला. एंडर्लेबाई उभ्या होत्या, नवऱ्याचा जुना कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, एका हातात फळी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. भिंगातून कपाळ मोठं दिसत होतं आणि पाय अगदी लांब, लहान. रेडिओवर वाद्यवृंद चालू होता, हळू आवाजात. तो बंद करावा तर बंद झालेला कळणार. मी श्वास धरला. त्यांनी फळी माझ्या दाराच्या मुठीपर्यंत आणली. सुतळी पितळेला घासल्याचं मला लाकडातून कळलं. दार उघडायला एक बोट पुरलं असतं. माफ करा, चुकून लावली, असं म्हणायचं, कोट चढवायचा आणि खाली जायचं. मी कप सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला होता. त्या थोडा वेळ दाराकडे बघत राहिल्या, माझ्याकडेच, म्हणजे भिंगाकडे. मग फळी मागे घेतली, स्वतःच्या दाराला पुन्हा अडकवली, वाजू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून, आणि खडीची बादली उचलून जिना उतरू लागल्या. बादलीची कडी एकेका पायरीला वाजत गेली, सोळा पायऱ्या. मी स्वयंपाकघरात परत येऊन बसलो. कॉफी निवली होती तरी प्यालो.

आरडाओरडा झाला तो बेकरीतल्या बाईचा. तेव्हा मात्र मी दार सताड उघडलं आणि सपाता घालूनच धावलो, जणू धावण्याचीच वाट बघत होतो. एंडर्लेबाई फाटकाजवळ आडव्या पडल्या होत्या, रुमाल सुटलेला, केस ओले, बादली उलटी. अर्ध्या फुटपाथवर खडी पडली होती, अर्ध्यावर नाही; जिथे नाही तिथे त्या. चेहरा पांढरा फटक, पण शुद्ध होती. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हेर माइले, सपाता घालून नका येऊ. घसराल." खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग फुप्फुसात पाणी झालं, एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या. मी भेटायला एकदा गेलो होतो, जांभळी फुलं घेऊन. बोलायचं म्हणून गेलो आणि नर्सला फुलदाणी मागत बसलो. एंडर्लेबाई म्हणाल्या, फुलांना कशाला पैसे घातलेत, आणि फुटपाथ कसा आहे ते विचारलं. मी म्हणालो, कोरडा आहे. त्या म्हणाल्या, "मग बरं."

विम्याचा माणूस येऊन गेला त्याच्या दुसऱ्या शनिवारी त्यांची मुलगी रेनाटे घर रिकामं करायला आली. पन्नाशीची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, आईसारखंच रुंद कपाळ. दार उघडंच होतं. फळी अजून दाराला लटकत होती. त्यानंतर बर्फ पडला नव्हता, आणि तिला हात लावायला घरात कोणी धजत नव्हतं. श्टोत्स येता जाता मान दुसरीकडे वळवायचा. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. रेनाटे जमिनीवर बसून ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मला काही हवंय का तिने विचारलं, आईचं घड्याळ वगैरे, आठवण म्हणून. मी म्हणालो, काही नको. मग म्हणालो की फळी मी लावली होती, रात्री आठची वाट न बघता, सकाळी पावणेआठला. दिवस माझा होता. रेडिओवर पावसाचं सांगितलेलं मी ऐकलं होतं. हे सगळं मी एका दमात म्हणालो, कचेरीत मजकूर वाचून दाखवतात तसं, आणि वाचून झाल्यावर समोरच्याने सही करायची असते तसा थांबलो.

रेनाटेने ताटली पूर्ण गुंडाळली, खोक्यात ठेवली. म्हणाली, "आईने सांगितलंय मला."

मी विचारलं, काय सांगितलं.

"की तुम्ही आत होतात. रेडिओ चालू होता म्हणाली. आणि दाराखालच्या फटीत पाय दिसत होते." तिने दुसरी ताटली घेतली. "मी चिडले होते. म्हटलं, आत असून उघडत नाही म्हणजे काय, तू फळी त्याच्या दाराला मारून परत का नाही आलीस? तर म्हणे, अगं, तो माणूस फळीच्या बाबतीत चुकायचा नाही. त्याने लावली म्हणजे त्याला खरंच जमत नसणार. लोरे जानेवारीतच गेली ना, एखादा दिवस जात असेल त्याला जड. तोंडाने सांगवत नसेल, म्हणून लावली असेल. असं म्हणाली. आणि तुम्हाला सांगायचं नाही असंही म्हणाली, तुम्ही उगीच मनाला लावून घ्याल म्हणून."

खोलीत भिंतीवर फ्रेम काढलेल्या जागी पिवळट चौकोन होते. मी त्यांतल्या एकाकडे बघत होतो. लोरे जानेवारीत गेली हे खरं आहे, एकोणतीस तारखेला, चार वर्षांपूर्वी. पण त्या मंगळवारी सकाळी, पाव कापताना, मध काढताना, भिंगाला डोळा लावताना, लोरे माझ्या मनात आली नव्हती. एकदाही नाही. मी आठवून पाहिलं, रेनाटेसमोर उभ्या उभ्या पाहिलं, कुठे तरी कोपऱ्यात ती होती का, चष्म्याच्या डब्यावर नजर तरी गेली होती का. नव्हती गेली. मला भूक लागली होती आणि बाहेर जायचा कंटाळा आला होता, एवढंच होतं माझ्यात. दाराच्या पलीकडे ती बाई माझ्या दुःखाला वाट देत उभी होती, आणि अलीकडे दुःख नव्हतंच.

मी रेनाटेला म्हणालो की मी विम्याच्या माणसाला पत्र लिहितो, खरं काय ते कळवतो, न्यायालयात बोलावलं तर तिथेही सांगेन. ती म्हणाली, "काय कळवणार? फळी आईच्या दाराला होती, हे तर खरंच आहे." मी म्हणालो, पण रीत आठची होती. "कागदावर आहे का?" नाही, मी म्हणालो. "मग?" तिने गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. "हेर माइले, मी तुम्हाला माफ करावं असं वाटत असेल तर मला ते जमणार नाही. शिव्या द्याव्यात असं वाटत असेल तर तेही नाही जमणार, आईने नको म्हटलंय. मला पाचच्या आत खोकी खाली न्यायची आहेत. तो सुतळीचा गुंडा द्या इकडे." मी गुंडा दिला. एक टोक मला धरायला सांगून तिने चार खोकी बांधली, गाठीवर मी बोट ठेवायचं आणि तिने आवळायचं. माझं बोट दोनदा गाठीत अडकलं. शेवटचं खोकं गेलं तेव्हा मी फळीकडे बोट दाखवून, ही घेऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, घराचीच आहे ना ती, आणि जिना उतरून गेली.

फळी मी माझ्या दाराला लावली. मार्च अर्धा झाला, बर्फ पडला नाही. मी टंकयंत्र काढून कलम पाच नव्याने लिहिलं: बर्फ काढून झाल्यावर, त्याच दिवशी रात्री आठनंतर, आधी नव्हे, फळी पुढच्या दाराला लावावी. तीन प्रती काढल्या. खाली श्टोत्सकडे घेऊन गेलो तर तो दारातच ओशाळला. म्हणाला, "अहो, तुम्हाला कळलं नाही का? पुढच्या हिवाळ्यापासून मालक बाहेरच्या लोकांना काम देतोय. यंत्र घेऊन येतात ते. जबाबदारीही त्यांचीच, लेखी. आपण सुटलो." तरी सही करा, मी म्हणालो. त्याने केली; बायकोला हाक मारून तिचीही घेतली, आजारी माणसाचं ऐकतात तसं. तिसऱ्या ओळीवर नाव टाइप केलेलं होतं, सवयीने. आर. एंडर्ले. त्यापुढची जागा तशीच राहिली.

एप्रिल गेला. समोरच्या दारावरची नावाची पट्टी कोणीतरी काढून नेली, स्क्रूची दोन भोकं राहिली. श्टोत्सने एकदा सुचवून पाहिलं की फळी आता तळघरातल्या खिळ्याला टांगू या, बरं नाही दिसत मे महिन्यात. मी म्हणालो, बर्फ काढल्याशिवाय ती हलत नाही, कलम पाच. तो हसला नाही. एका मंगळवारी सकाळी मी लवकर उठलो, बादलीत खडी भरली आणि खाली उतरलो. सोळा पायऱ्या. झाडांना पालवी आली होती, फुटपाथ कोरडा, उन्हाने कोमट. जानेवारीत जिथपर्यंत खडी पडली होती तिथून पुढे मी टाकायला सुरुवात केली, मुठीमुठीने, फाटकापर्यंत, कडेपासून कडेपर्यंत. बेकरीतली बाई एप्रनला हात पुसत बाहेर आली. रस्ता ओलांडून जवळ आली, माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाली, "हेर माइले, बर्फ नाहीये हो." मी म्हणालो, "माझा दिवस आहे. आठपर्यंत." तिने बादलीच्या काठाला धरलं, मी बादली सोडली नाही, मग तिने हात काढला. दिवसभर मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. लोक खडीवरून करकर वाजवत गेले, एका बाईच्या बुटात खडा गेला म्हणून ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, बूट झटकला आणि आभार मानून गेली. कोणी घसरलं नाही. चर्चच्या घड्याळात आठचे ठोके पडले तेव्हा अजून उजेड होता. मी वर आलो, माझ्या दाराची फळी काढली, तीन पावलं टाकली. मग समोरच्या दाराची घंटा वाजवली, एकदाच, आणि फळी हातात धरून उभा राहिलो.